अद्ययावततेची किंमत

'अद्ययावत' हा शब्द मराठीत मोठ्या मानाने वावरतो. 'आजपर्यंतचा' एवढाच त्याचा मूळ अर्थ. तथापि व्यवहारात त्याला 'अधिक चांगला' अशी छटा कायमची चिकटली आहे. अद्ययावत रुग्णालय, अद्ययावत ग्रंथालय, अद्ययावत शेती असे शब्दप्रयोग वाचताना ती गोष्ट चांगलीच असणार याविषयी वाचकाच्या मनात शंका उरत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र या शब्दाने असंख्य लोकांची फसगत केली आहे.

संगणकाच्या पडद्यावर एक सूचना येते. ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे ज्या मूळ कार्यप्रणालीच्या आधारे संगणकाची सारी कामे चालतात तिची, नवी आवृत्ती तयार आहे असे ती सांगते. नवी आवृत्ती अधिक सुंदर, अधिक सुरक्षित, अधिक वेगवान असल्याचे आश्वासनही सोबत असते. वापरणारा संमती देतो. तास-दोन तास यंत्र स्वतःशीच काही करीत राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळ दाबल्यावर जो संगणक चहा गाळून होईपर्यंत सज्ज होत असे, तो चहा पिऊन संपला तरी जागा होत नाही. अक्षर टंकित केले की ते पडद्यावर उमटायला क्षणभर वेळ लागतो. एक खिडकी उघडावी तर दुसरी गोठते. आतल्या तबकडीची घरघर मात्र अखंड चालू असते.

अशा वेळी वापरणाऱ्याच्या मनात येणारे पहिले अनुमान असे की, यंत्र म्हातारे झाले. दुरुस्तीच्या दुकानात गेल्यावर या अनुमानाला बहुधा दुजोराच मिळतो. "फॉरमॅट मारून देतो, पण फार दिवस चालायचा नाही, आता नवाच घेऊन टाका," हे वाक्य भारतातील कोणत्याही शहरात, कोणत्याही भाषेत ऐकायला मिळेल. वस्तुतः परवापर्यंत तेच यंत्र तेच काम निमूटपणे करीत होते. एका रात्रीत कोणी म्हातारे होत नाही. एका रात्रीत बदलतो तो खांद्यावरचा भार. भार कोणी वाढवला हे न विचारता बैलच बाजारात न्यावा, असा हा प्रकार आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

हा भार म्हणजे नेमके काय, ते समजून घेणे अवघड नाही. संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती; दुसरी हार्ड डिस्क, म्हणजे कायमचा साठा. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर पहिली जागा ओट्यासारखी आणि दुसरी माळ्यासारखी. हाताशी लागणाऱ्या वस्तू ओट्यावर असतात. बाकीचे डबे माळ्यावर. ओटा पुरेसा मोठा असेल तोवर स्वयंपाक सुरळीत होतो. मात्र ओटा तेवढाच ठेवून पदार्थांची संख्या दुप्पट केली, तर प्रत्येक फोडणीला एक डबा माळ्यावर चढवायचा आणि दुसरा खाली उतरवायचा, अशी पाळी येते. करणारीचे हात पूर्वीइतकेच चपळ असतात. वेळ जातो तो शिडीवरच्या चढउतारात. संगणकातही हेच घडते. स्मृती अपुरी पडली की कार्यप्रणाली स्मृतीतील मजकुराचे तुकडे हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आणि गरज पडेल तसे परत आणते.

या चढउताराची किंमत किती मोठी आहे, हे आकड्यांवरून ध्यानात येते. स्मृतीतून एखादी नोंद काढायला साधारणपणे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी पूर्ण व्हायलाच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. त्यावरील सुई योग्य ठिकाणी पोहोचण्याचा वेळ धरला तर तिथून एखादी नोंद काढायला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहून अधिक काळ जातो. हे प्रमाण एकास एक लाखाचे झाले. स्मृतीतील काम जर एका सेकंदात होत असते, तर तबकडीवरच्या त्याच कामाला पावणेअठ्ठावीस तास लागले असते. नवी कार्यप्रणाली स्वतःच स्मृतीचा मोठा हिस्सा अडवून बसली, की वापरणाऱ्याच्या वाट्याला ही माळ्यावरची शिडी येते. म्हातारपणाचा येथे काहीएक संबंध नाही.

हा भार कसा वाढत गेला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये 'विंडोज ९५' बाजारात आली, तेव्हा तिला किमान ४ मेगाबाइट स्मृती पुरेल असे सांगण्यात आले होते. २००१ च्या 'विंडोज एक्सपी'ला ६४ मेगाबाइट लागत. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या 'व्हिस्टा'ची किमान मागणी ५१२ मेगाबाइटवर गेली आणि २०२१ च्या 'विंडोज ११'ला किमान ४ गिगाबाइट हवेत. चार मेगाबाइटपासून चार गिगाबाइटपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांत एक हजार पटींची वाढ. या काळात संगणकाची क्षमता वाढली हे खरेच. चित्रे, चलच्चित्रे, दूरसंवाद अशी पूर्वी अशक्य असलेली कामे तो करू लागला, हेही खरे. परंतु अर्ज लिहिणाऱ्याचा अर्ज हजार पटींनी मोठा झालेला नाही. हिशेब ठेवणाऱ्याची वही हजार पटींनी जाड झालेली नाही. मग मधल्या नऊशे नव्व्याण्णव पटी कोणासाठी, हा प्रश्न विचारायला संगणकतज्ज्ञच असावे लागते असे नाही.

तथापि तज्ज्ञांनीही तो विचारला आहे. 'पास्कल' या संगणकीय भाषेचे जनक, स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच सुटसुटीत प्रणालींचा आग्रह धरणारा एक लेख लिहिला. यंत्रे ज्या गतीने वेगवान होत आहेत त्याहून अधिक गतीने त्यांवरील प्रणाली मंद होत आहेत, असे त्यात त्यांनी दाखवून दिले. एकेकाळी सारी संचालनव्यवस्था आठ हजार बाइटांत बसवावी लागे, याचीही त्यांनी आठवण करून दिली. आवश्यक काय आणि असले तर बरे असे काय, यांतील भेद ग्राहकाला उमगत नाही; आणि विक्रेत्याला तो उमगून द्यायचा नसतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे नुसते बोलणे नव्हते. झुरिकच्या विद्यापीठात युर्ग गुटक्नेख्ट यांच्या साथीने त्यांनी 'ओबेरॉन' नावाची एक संपूर्ण पण अत्यंत आटोपशीर प्रणाली उभी करून दाखवली होती. विर्थ २०२४ च्या पहिल्याच दिवशी निवर्तले. त्यांचे निरीक्षण मात्र दर नव्या आवृत्तीगणिक पुन्हा खरे ठरत असते.

किमान गरज आणि खरी गरज यांत केवढे अंतर असू शकते, याचे बोलके उदाहरण म्हणून 'व्हिस्टा'कडे पाहता येईल. ही प्रणाली येण्यापूर्वी, २००६ मध्ये, दुकानांतील नव्या संगणकांवर एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असे. हा संगणक 'व्हिस्टा'साठी सक्षम आहे, अशी ग्वाही तीत होती. लोकांनी त्या भरवशावर खरेदी केली. प्रत्यक्षात यांपैकी अनेक संगणकांवर त्या प्रणालीची केवळ प्राथमिक आवृत्तीच चालू शके. ज्या पारदर्शक, झळाळत्या रूपाची जाहिरात सर्वत्र होत होती ते रूप त्यांच्या चित्रक्षमतेला पेलणारे नव्हते. अमेरिकेत या प्रकरणी कंपनीविरुद्ध खटला गुदरण्यात आला. २००८ मध्ये न्यायालयामार्फत कंपनीअंतर्गत पत्रव्यवहार खुला झाला, तेव्हा एक गमतीची गोष्ट उघडकीस आली: कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने चिठ्ठीवर विसंबून महागडा संगणक घेतला होता आणि तो आता पत्रे पाठवण्यापलीकडे उपयोगाचा राहिला नाही, अशी तक्रार केली होती. घरचाच माणूस जिथे फसला, तिथे गल्लीतल्या ग्राहकाची काय कथा! सर्व ग्राहकांच्या वतीने एकत्रित दावा चालवण्याची परवानगी पुढे २००९ मध्ये न्यायालयाने मागे घेतली, त्यामुळे त्या खटल्यातून सर्वांना भरपाई मिळाली नाही. परंतु 'सक्षम' या एका शब्दात किती पळवाटा असू शकतात, हे जगाला कळले.

यावरून कंपन्या जुनी यंत्रे मुद्दाम मंद करतात, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. हा आरोप सरसकट खरा मानणे योग्य होणार नाही. बहुतेक वेळा कारण कारस्थानाचे नसून दुर्लक्षाचे असते. नव्या प्रणाली लिहिणारे अभियंते अत्याधुनिक, भरपूर स्मृतीच्या यंत्रांवर काम करतात. त्यांच्यापुढे कधी काही गोठत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या, हप्त्यावर घेतलेल्या आणि घरातील चौघे आळीपाळीने वापरत असलेल्या संगणकावर आपल्या कृतीचा काय परिणाम होतो, हे त्यांच्या नजरेला पडतच नाही. ज्याचे जळते त्याला कळते, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. मात्र दुर्लक्ष हे निर्दोषत्व नव्हे. त्या दुर्लक्षाचा भुर्दंड दुसऱ्याने सोसायचा आणि त्यातून होणारी नव्या यंत्रांची विक्री पुन्हा उत्पादकांच्याच पथ्यावर पडायची, अशी ही व्यवस्था असल्यामुळे दुर्लक्ष दूर करण्याची घाई कोणालाच नसते.

जिथे मंदपणा खरोखर हेतुपुरस्सर होता, तिथे न्यायनिवाडा करणाऱ्यांनी कोणत्या गोष्टीवर बोट ठेवले हे पाहण्यासारखे आहे. ॲपल कंपनीने २०१७ च्या आरंभी आयफोनच्या प्रणालीत असा एक बदल केला की, बॅटरी जुनी झालेल्या फोनची कार्यगती आवश्यकतेनुसार कमी व्हावी. बॅटरी अचानक कोलमडून फोन बंद पडू नये, हा त्यामागील हेतू असल्याचे कंपनीने सांगितले, पण ते सांगितले डिसेंबर २०१७ मध्ये, म्हणजे लोकांनी स्वतः चाचण्या करून मंदपणा पकडल्यानंतर. मधल्या काळात कित्येकांनी नवे फोन विकत घेतले. वस्तुतः बॅटरी बदलली असती तर काम भागले असते. फ्रान्समधील ग्राहक संरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीकडून अडीच कोटी युरोंचा दंड वसूल केला, तो प्रणाली मंद केल्याबद्दल नव्हे, तर ती मंद होऊ शकते हे ग्राहकाला न सांगितल्याबद्दल. इटलीतही ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरोंचा दंड झाला होता. सॅमसंगने २०१४ च्या फोनधारकांना नव्या फोनसाठी घडवलेली प्रणाली बसवून घेण्यास भाग पाडले, असा तेथील स्पर्धा नियामकाचा ठपका होता. या निर्णयांतील तत्त्व अत्यंत मोलाचे आहे. बदल करण्याचा अधिकार उत्पादकाला आहे. परंतु त्या बदलाचे परिणाम आधी सांगण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे.

संमतीचा प्रश्न याच कर्तव्याशी जोडलेला आहे. जुलै २०१५ ते जुलै २०१६ या वर्षभरात 'विंडोज १०' ही प्रणाली जुन्या आवृत्तींच्या धारकांना विनामूल्य देऊ करण्यात आली. देऊ करणे आणि गळ्यात घालणे यांत फरक आहे, याचे भान मात्र सुटले. खिडकी बंद करण्यासाठी कोपऱ्यातील फुलीवर कळ दाबावी, तर ती संमतीच मानली जाई, अशी स्थिती काही काळ होती. कॅलिफोर्नियातील एका लहान व्यावसायिकाचा कामाचा संगणक, न मागता आलेल्या या नव्या प्रणालीनंतर मंद होऊन वारंवार बंद पडू लागला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १०,००० डॉलर भरपाईचा निकाल लागला. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण अपील मागे घेतले. विनामूल्य मिळालेली वस्तूही एखाद्याचा धंदा बसवू शकते, हे त्या निकालाने मान्य केले म्हणायचे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग नवी आवृत्ती घेऊच नये. जुने ते सोने. हा उपाय दुखण्याहून घातक आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणक वेठीला धरले. ब्रिटनमधील रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून हा विषाणू शिरला ती बुजवणारी दुरुस्ती जवळजवळ दोन महिने आधी, १४ मार्च रोजी, उपलब्ध झालेली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांनाच तडाखा बसला. शिवाय कधी कधी मंदपणा हीच सुरक्षिततेची प्रामाणिक किंमत असते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरच्या मूळ रचनेतच 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या नावांनी ओळखले जाणारे गंभीर दोष असल्याचे जाहीर झाले. त्यांवरील उपायांमुळे जुन्या प्रोसेसरांची गती जाणवण्याइतकी कमी होईल, असे तेव्हा स्पष्टपणे सांगण्यात आले. लोकांनी कुरकुर जरूर केली. गती का गेली, हे त्यांना ठाऊक होते.

तेव्हा भेद करायला हवा तो दुरुस्ती आणि नूतनीकरण यांत. घराचे गळते छप्पर शाकारणे ही गोष्ट निराळी आणि भिंती पाडून दिवाणखाना वाढवणे ही निराळी. पहिली वेळच्या वेळी व्हायलाच हवी. दुसरी मालकाच्या सोयीने, त्याच्या ऐपतीचा विचार करून. उत्पादक या दोन्ही गोष्टी 'अपडेट' या एकाच शब्दाच्या गाठोड्यात बांधून देतात, आणि छप्पर हवे असेल तर दिवाणखानाही घ्या, असे आडून सुचवतात. खरा आक्षेप या गाठोड्याला आहे.

मराठीचा आणि नव्या आवृत्त्यांचा संबंध तर दुधारी आहे. 'एक्सपी'मध्ये देवनागरी लिहिण्या-वाचण्याची सोय स्वतंत्रपणे सुरू करून घ्यावी लागे. 'व्हिस्टा'पासून ती मुळातच अंतर्भूत असते. गावोगावच्या माणसाला युनिकोडमध्ये सहजपणे मराठी लिहिता आले, यात नव्या प्रणालींचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. दुसरीकडे, मराठी अक्षरजुळणीची हजारो पाने युनिकोडपूर्व काळातील फाँटांत बांधलेली होती. प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा. एकाच्या फाँटातला मजकूर दुसऱ्याच्या फाँटात उघडला तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे. हे फाँट आणि त्यांच्यासोबतची पृष्ठरचनेची साधने नव्या कार्यप्रणालीवर कधी चालत, कधी अडखळत, कधी उघडतच नसत. म्हणून अक्षरजुळणीच्या कित्येक दुकानांत एका कोपऱ्यात 'एक्सपी'चा एक जुना संगणक कापडाखाली जपून ठेवलेला असे. एप्रिल २०१४ मध्ये त्या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती थांबल्यानंतरही, इंटरनेटची तार काढून, तो वापरात राहिला. नवतेला विरोध म्हणून कोणी हे केले नाही. वीस वर्षांत जुळवलेले दिवाळी अंक, शब्दकोश, कवितासंग्रह त्या यंत्रातच उघडत होते. प्रणाली बदलणाऱ्याच्या दृष्टीने जी 'जुनी सुसंगतता' असते, ती एखाद्याची जन्माची पुंजी असू शकते.

आता प्रश्न उरतो तो ज्याचा संगणक मंद झाला आहे त्याचा. पहिले दोन-तीन दिवस धीर धरणे हा निष्क्रिय वाटणारा, पण अनेकदा यशस्वी ठरणारा उपाय आहे. नवी प्रणाली बसल्यावर ती सर्व धारिकांची शोधसूची नव्याने तयार करते, राहिलेल्या दुरुस्त्या उतरवून घेते. हे काम पडद्यामागे चालते आणि संपले की यंत्र बरेचसे मोकळे होते. तसे न झाल्यास 'टास्क मॅनेजर' उघडून पाहावे. स्मृती, तबकडी आणि प्रोसेसर यांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकले आहे, हे तिथे उघड दिसते. निदान आधी आणि औषध नंतर, हा वैद्यकाचा नियम येथेही सुटता कामा नये. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या अनाहूत प्रणालींची यादीही तिथेच सापडते. त्यांतील अर्ध्याअधिक बंद केल्या तरी कोणाचे काही अडत नाही. तबकडी काठोकाठ भरली असेल तर जागा करावी. पूर्वीची आवृत्ती 'विंडोज' काही दिवस बाजूला जपून ठेवते. दहा दिवसांच्या आत पूर्ववत होण्याचा मार्ग त्यामुळेच खुला असतो, आणि तो वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. चित्रपडद्याचे किंवा अन्य भागांचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, यंत्राच्या मूळ उत्पादकाकडून नव्याने घेतल्यास पुष्कळदा अडथळा दूर होतो. महत्त्वाच्या धारिकांची प्रत मात्र यांतील कशालाही हात लावण्यापूर्वी दुसरीकडे काढलेली असावी. 'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग जितका सहज उच्चारला जातो तितक्याच सहज त्यात वर्षांचे काम नाहीसे होते.

इतके करूनही भागले नाही, तर खर्च करायचा तो नेमक्या जागी. स्मृतीची एक पट्टी वाढवणे आणि फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसवणे, या दोन गोष्टींनी जुन्या यंत्राचा जो कायापालट होतो तो नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा अंशात होतो. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे मघाची शिडी जवळजवळ नाहीशी होते. दुरुस्तीच्या दुकानातील प्रामाणिक कारागीर हे आधी सुचवतात. असे कारागीर आहेत, आणि त्यांच्यामुळेच मध्यमवर्गीयांच्या घरांतील निम्मी यंत्रे तग धरून आहेत.

दुसरा मार्ग प्रणालीच बदलण्याचा. 'लिनक्स'च्या गाभ्यावर उभ्या असलेल्या मुक्त प्रणालींत हलक्या, कमी स्मृतीत भागवणाऱ्या अनेक आवृत्त्या मिळतात. केरळमधील शासकीय शाळांनी या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणालींची वाट धरली. सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय भाषांना अनुकूल मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. मराठीही त्यांत आहे. सवय बदलावी लागते, काही ओळखीची साधने चालत नाहीत, हे दोष खरे आहेत. पण कोणत्या अडचणी स्वीकारायच्या, हे तिथे वापरणारा स्वतः ठरवतो.

वैयक्तिक उपायांनी मूळ प्रश्न मात्र सुटत नाही. भारतात बिस्किटांच्या छोट्या पुड्यावरही वजन, किंमत, घटक आणि उत्पादनाचा महिना छापावा लागतो. कार्यप्रणालीची नवी आवृत्ती स्वीकारताना मात्र ती या विशिष्ट यंत्राची किती स्मृती अडवील, तेच काम पूर्वीपेक्षा किती सावकाश होईल, यांतले काहीही ग्राहकापुढे ठेवले जात नाही. 'किमान आवश्यकता' म्हणून जो आकडा दिला जातो, तो प्रणाली सुरू होण्यापुरता असतो. तिच्यावर माणसाने काम करण्यापुरता नव्हे. ज्या यंत्रावर प्रणाली बसायची आहे त्या यंत्राची चाचणी घेऊन अपेक्षित गती आधी दाखवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अशक्य नाही. सुसंगतता तपासणारी साधने कंपन्या आजही देतात, फक्त ती 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढेच सांगतात. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा माहिती मिळण्याचा हक्क मान्य करतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळही सुरू केले. या हक्कांची व्याप्ती पेटीतल्या यंत्रावरून त्यातल्या प्रणालीपर्यंत नेणे, ही पुढची स्वाभाविक पायरी होय.

ही मागणी लांबणीवर टाकण्याजोगी नाही. 'विंडोज १०'चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मर्यादित काळापुरती सुरक्षा-दुरुस्तीची मुदतवाढ तेवढी देऊ केली गेली. 'विंडोज ११' मात्र विशिष्ट सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचे प्रोसेसर असलेल्या यंत्रांनाच अधिकृतपणे प्रवेश देते. त्यामुळे कसलाही बिघाड नसलेले, दररोज बिनतक्रार काम करणारे असंख्य संगणक एका तारखेपासून कालबाह्य ठरले. शाळांत, ग्रंथालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत, अर्ज भरून देणाऱ्या सेवाकेंद्रांत हीच यंत्रे आहेत. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी त्यांच्यासमोर रांग लागते. ती भंगारात जायची असतील, तर त्यांतील शिसे आणि इतर विषारी द्रव्ये कोठे जाणार, हे २०२२ च्या ई-कचरा नियमांनी ठरवून दिले आहे. ती भंगारात जावीत की नाही, हे ठरवताना मात्र त्यांच्या मालकांना कोणी विचारलेले नाही.